एका मोडलेल्या प्रयोगाची हकीकत

शास्त्रांचे इतिहास बहुधा सिद्धीस गेलेल्या प्रयोगांचे असतात. मध्येंच मोडलेल्या प्रयोगाची बखर सहसा कोणी लिहीत नाहीं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या इतिहासांत मात्र अशाच एका प्रयोगास मानाचें स्थान मिळालें आहे; आणि तो आपल्याच देशांत झालेला असल्यामुळें त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या रोगाच्या गांठींत पॅपिलोमा विषाणूची एक विशिष्ट जात असल्याचें जर्मन संशोधक हॅराल्ड झुर हाउसेन यांनीं १९८३ सालीं दाखविलें. पुढें १९९१ सालीं ऑस्ट्रेलियांत इयान फ्रेझर व जियान झोऊ यांनीं त्या विषाणूचें नुसतें पोकळ कवच प्रयोगशाळेंत तयार केलें. त्यावरून लस सिद्ध झाली व २००६ सालीं ती वापरांत आली. ती तीन वेळां टोंचावी लागे, आणि एवढा खर्च गरीब राष्ट्रांस झेपण्यासारखा नव्हता. दोनच मात्रा पुरतील काय, हें पाहण्यासाठीं २००९ च्या सप्टेंबरांत भारतांत नऊ ठिकाणीं, १० ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींवर प्रयोग सुरू झाला. मुंबई, पुणें व बार्शी हीं त्यांपैकींच होत.

इतक्यांत खम्मम व बडोदें या जिल्ह्यांत चाललेल्या एका निराळ्याच लसीकरणाच्या उपक्रमांतील सात मुली मरण पावल्याची बातमी पसरली. एप्रिल २०१० मध्यें सरकारनें या लशीचे सर्वच प्रयोग थांबविले. चौकशींत त्या मृत्यूंचा लशीशीं संबंध आढळला नाहीं. परंतु कित्येक संमतिपत्रांवर आईबापांऐवजीं वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनीं सह्या केल्याचें उघड झालें.

तोंवर १७,७२९ मुलींस लस मिळाली होती. त्यांतील ४,९५० मुलींस एकच मात्रा मिळून पुढील राहून गेल्या. संशोधकांनीं त्यांस वाऱ्यावर सोडलें नाहीं. वर्षानुवर्षें त्यांची तपासणी चालू ठेविली. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा कीं, विषाणूच्या दोन घातक जातींच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनें मिळणारें संरक्षण शेंकडा सुमारें ९५, तर तीन मात्रांनीं मिळणारें सुमारें ९३ होतें. म्हणजे व्यवहारतः दोन्ही सारखींच. ही विभागणी योजून झालेली नव्हती, असा आक्षेप येथें रास्तच होता. पण केनियांत रीतसर विभागणी करून केलेल्या प्रयोगानेंही २०२२ सालीं एका मात्रेचा पुरेपणा दाखविला. त्याच वर्षाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनें नऊ ते वीस वर्षांच्या मुलींसाठीं एका मात्रेचा पर्याय मान्य केला.

फळ गोड निघालें म्हणून संमतीच्या बाबतींत झालेली हेळसांड क्षम्य ठरत नाहीं. ज्यांच्या देहावर परीक्षा व्हावयाची, त्यांच्या घरच्यांस ती काय आहे हें समजावून सांगणें हा शास्त्राचा शिष्टाचार नव्हे, त्याचा पाया आहे. उद्यां एखाद्या खेड्यांतील मुलीचें काम एका टोंचणींत भागेल, तेव्हां ज्यांची दुसरी टोंचणी राहून गेली त्या ४,९५० मुलींचें ऋण तिच्या शिरावर असेल. तें फेडण्याचा मार्ग आम्हांस एकच दिसतो: ती टोंचण्यापूर्वी तिच्या आईशीं चार शब्द नीट बोलावे.