दिवसाची पूर्तता

कर्जतहून निघालेली गाडी पळसदरीला येते आणि तेथे लोहमार्गाचे दोन फाटे होतात. एक खोपोलीकडे जातो, दुसरा बोरघाट चढून खंडाळ्याकडे. खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ साली आली, घाटातील मार्ग १८६३ साली खुला झाला. तेव्हापासून या खेड्याच्या रात्रीला गाड्यांची सोबत आहे.

गेल्या पावसाळ्यात पळसदरीला एका कुटुंबात माझा मुक्काम होता. घरधनी खोपोलीच्या कारखान्यात पाळीने काम करणारे. जेवणे आटोपल्यावर ते म्हणाले, "फादर, अंग मोडून येते, पण डोळ्याला डोळा लागत नाही." त्यांना उपदेश करण्याचा मला अधिकार नव्हता. मी स्वतः रात्री अकरापर्यंत धर्मग्रामाचे हिशेब आणि फोन घेऊन बसणारा आणि मग अंथरुणात कूस बदलत राहणारा. त्या रात्री घाट चढणाऱ्या मालगाड्या ऐकत पडलो असता मनात आले, आपल्या आजी-आजोबांना झोपेची तयारी कोणी शिकवली होती?

ती त्यांना शिकावी लागली नाही. अंधारच शिकवीत असे. तिन्हीसांजेला दिवा लागे, आंजेलसची घंटा होई, घर गुडघे टेकून रोजरी म्हणे, मुले थोरांचा आशीर्वाद घेत. मग जेवण, आणि घासलेट जपायचे म्हणून लवकर मालवलेला दिवा. त्या काळाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. डास, ढेकूण, आजारपण आणि सावकाराची चिंता यांनी त्यांचीही झोप मोडतच असे. रॉजर एकर्च या अमेरिकन इतिहासकाराने २००१ साली दाखवून दिले, की यंत्रयुगापूर्वीच्या युरोपात पुष्कळ लोक रात्रीची झोप दोन टप्प्यांत घेत. मध्यरात्री जाग येणे म्हणजे काही विपरीत घडले असे ते मानीत नसत.

तरीही केवळ अंधारावर विसंबून न राहणारे लोक होते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात निजण्यापूर्वीच्या वेळेची बारीक व्यवस्था आहे. संध्याकाळच्या भोजनानंतर सर्वांनी एकत्र बसावे, एकाने वडीलधाऱ्या संतपुरुषांच्या संवादांतून चार-पाच पाने वाचावीत, मग निशाप्रार्थना आणि त्यानंतर मौन. बायबलमधील पहिली सात पुस्तके आणि राजांचे ग्रंथ त्या वेळी वाचू नयेत, असेही संत सांगतात. लढाया आणि कारस्थानांच्या त्या कथा दुर्बल मनांना त्या घटकेस हितकर नाहीत, हे त्यांचे कारण. पवित्र ग्रंथालाही वेळ पाहणारा हा गुरू आपल्या रात्रीच्या बातम्यांना काय म्हणाला असता? कोणाशी भांडण झाले असेल, तर सूर्यास्तापूर्वी समेट करावा, हाही त्यांचाच नियम. निशाप्रार्थनेचे लॅटिन नाव 'कोम्प्लेतोरियुम', म्हणजे पूर्तता. दिवस आपोआप संपत नाही, तो पूर्ण करावा लागतो, ही जाण त्या नावात आहे.

पुढे अंधार माणसाच्या हुकमतीत आला. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि त्यांच्या उजेडात कामाचा दिवस लांबत गेला. अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे काम बारा तासांवर आणावे लागले. लोणावळ्याच्या तलावांतील पाणी घाटाखाली आणून टाटांचे खोपोली वीजगृह १९१५ साली सुरू झाले आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. विजेने आपले फार कल्याण केले. पण दिवा मालवण्याची सक्ती गेली आणि तिच्याबरोबर दिवसाची सीमाही पुसली गेली.

शरीर मात्र जुनेच राहिले. देहातील दैनिक घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, या शोधासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल मिळाले. रात्रीचा प्रखर उजेड झोपेची वर्दी देणारे मेलॅटोनिन दाबून टाकतो. म्हणून निजण्यापूर्वी तासभर दिवे मंद करावेत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, दुपारनंतर चहा टाळावा. उद्याच्या कामांची चिंता कागदावर उतरवावी, दिवसाचा हिशेब देवापुढे मांडावा, दुखावलेल्याशी दोन शब्द बोलावेत. झोप येईना, तर तळमळत पडू नये. उठून मंद उजेडात शांत बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे. उठण्याची वेळ शक्यतो बदलू नये. एवढे करूनही महिनोन्‌महिने झोप येत नसेल, किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

पाळीच्या कामगाराला हे कसे जमावे? १९७१ साली दैनिक प्रार्थनाविधीचे जे नवे रूप आले, त्यातील सूचना येथे उपयोगी पडते. निशाप्रार्थना निजण्यापूर्वीच म्हणावी, मग मध्यरात्र का उलटलेली असेना. म्हणजे पूर्तता घड्याळावर नाही, निजण्यावर अवलंबून आहे. हे मी त्या गृहस्थांना सांगितले. आता रात्रपाळीहून परतल्यावर ते खिडकीला जाड चादर लावतात, पत्नीशी चार शब्द बोलतात, छोटी प्रार्थना म्हणतात आणि भर सकाळी आपला दिवस संपवतात. झोप रोज लागतेच असे नाही, असे ते प्रामाणिकपणे सांगतात. पण पूर्वीपेक्षा बरी लागते.

मीही हिशेबाची वही आता नऊ वाजता मिटतो. वाचकहो, उरलेले काम उद्याच्या स्वाधीन करायला मला पन्नाशी उलटावी लागली. तुम्ही इतका उशीर करू नका.