ओरत्तनाडूच्या छत्रातील आजारी पांथस्थ

काशीहून गंगाजलाची कावड घेऊन रामेश्वरास निघालेला यात्रेकरू तंजावर प्रांतातून जात असे, आणि तोही बहुधा पायी. देशावरच्या माणसाला या वाटेवर एक गोष्ट चकवीत असे. आपल्याकडे दिवाळीपर्यंत पाऊस ओसरलेला असतो. कावेरीच्या मुखाकडील मुलखात नेमका त्याच सुमारास तो जोर धरतो. भातखाचरांच्या बांधांवरून ओल्या वस्त्रांनी चालणाऱ्याला पडसे व्हावयाचे, अंगात कणकण भरावयाची. परमुलखात, भाषा न कळणाऱ्या गावी, अशा माणसाला ऊन पेज कोणी करून घालावी?

तंजावरच्या दक्षिणेस, पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर, ओरत्तनाडु येथे या प्रश्नाचे उत्तर दगडात उभे आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०२ साली तेथे छत्र बांधले, ते मुक्तांबाळ या आपल्या प्रिय स्त्रीच्या नावाने. मरणसमयी तिनेच ते मागून घेतले, असे सांगतात. इमारतीच्या अंगाला दगडी हत्तीघोडे आहेत. जणू सारी वास्तूच रथासारखी ओढून नेत आहेत. छत्र म्हणजे नुसते अन्नछत्र नव्हे. धर्मशाळा, पाठशाळा आणि दवाखाना असे सगळेच त्यात येई.

सरफोजी हे नावाचे राजे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला आणि त्यांच्या हाती किल्ला व नेमणूक एवढेच राहिले. परंतु छत्रांविषयी ते हटून बसले. १८०१ मध्ये त्यांनी इंग्रजांना लिहिलेल्या पत्रात तंजावरच्या छत्रांचा रिवाज तपशिलाने सांगितला आहे. ओरत्तनाडूचे छत्र त्याच परंपरेतले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, सर्वांना शिजलेला भात मिळे. शिजलेले न घेणाऱ्यास कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, असे पुकारीत. पावसाने अडकून पडलेल्यास मुक्काम असेपर्यंत अन्न होते.

या पत्रातील आजाऱ्यांविषयीचा मजकूर मला सर्वांत मोलाचा वाटतो. छत्रात वैद्य असे. वाटसरू आजारी पडला, तर त्याला औषध आणि त्याला सोसेल असे पथ्याचे अन्न द्यावयाचे, आणि बरा होईपर्यंत त्याची आदराने व मायेने शुश्रूषा करावयाची. पोट भरणे हे एक कर्तव्य आणि पथ्य सांभाळणे हे निराळे, हा भेद राजाने ओळखला होता. हजार पाने वाढणाऱ्या मुदपाकखान्यात एका तापकऱ्यासाठी वेगळे भांडे चुलीवर ठेवावयाचे, हे काही सोपे काम नव्हे.

ते वेगळे भांडे कसे असावे, हे वैद्यशास्त्राने मोजून ठेवले होते. नव्या तापात प्रथम लंघन आणि ऊन पाणी. तहानेसाठी नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा व सुंठ घालून उकळलेले पाणी. मग भूक परतेल तसतसे तांदळाचे पाणी कमी करीत जावयाचे: चौदापट पाण्यातला निवळ मंड, सहापटीतली यवागू, चौपटीतली दाट विलेपी, आणि मुगाचे कढण. आजचे डॉक्टर तापकऱ्याला उपाशी ठेवीत नाहीत. पाणी भरपूर प्यावे आणि झेपेल ते खावे, असे सांगतात. तथापि घोटभर पेजेपासून आरंभ करून हळूहळू मऊ भातावर येण्याची रीत आपल्या घरांतून अद्यापि गेलेली नाही.

तंजावरच्या मराठ्यांना हा विषय नवा नव्हता. व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा अन्नाच्या गुणदोषांवरील संस्कृत ग्रंथ रचला. सरफोजींनी तर धन्वंतरी महाल काढून तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशी चारही वैद्यके एकत्र आणली. तेथील औषधयोग तामिळ पद्यांत गुंफले गेले. ‘शरभेंद्र वैद्यमुरै’ नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने ते पुढे छापले. मराठी राजाचे वैद्यक तामिळ छंदात! पण आजाऱ्याच्या उशाशी भाषेचा अडसर फारसा नसतोच. आपली पेज तीच तामिळांची कंजी; (मराठीत कांजी म्हटले की आंबवलेले पाणी आठवते, ती गोष्ट वेगळी). आपली सुंठ तेथे सुक्कु होते, आणि पडशावर काढा दोन्हीकडे तिचाच. मिऱ्यांचे ऊन पाणी, मिळगु तण्णीर, तर इंग्रजांनाही इतके रुचले की त्याच नावावरून त्यांनी आपले ‘मुलिगटानी’ सूप केले.

सरफोजींच्या पत्रात आणखीही तपशील आहेत. अनाथ मुलांना पंतोजीच्या स्वाधीन करून तीन वेळा जेवू घालीत, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालीत. तान्ह्यांसाठी दूध असे. वाटेत दिवस भरलेल्या स्त्रीचे बाळंतपण छत्रात होई आणि पुढे तीन महिने तिला तेथे राहू देत. बरा झालेला पांथस्थ सेतूच्या वाटेला लागे. जो बरा होत नसे, त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या जातीच्या रीतीने करण्याची तरतूदही त्याच पत्रात नोंदलेली आहे.