चार रुपये पगाराचा गोलंदाज

इतिहास शिकवताना मी मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतो. पण कधी कधी पगाराचा एखादा आकडाही तितकाच बोलका असतो. बाळू पालवणकरचा पहिला पगार होता महिना तीन रुपये.

१८७६ साली धारवाडास जन्मलेला हा चांभाराचा मुलगा. वडील लष्करात चाकरीला, म्हणून तो पुण्यात वाढला. पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात त्याला काम मिळाले. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा आणि सभासदांना सराव हवा असला की चेंडू टाकायचे. १८९२ च्या सुमारास तो साहेबलोकांच्या पूना जिमखान्यात गेला. पगार एका रुपयाने वाढला, कामेही वाढली : जाळी उभारणे, टेनिससाठी रेघा आखणे.

पोराचा हात डावा, चेंडू मंद, पण दोन्ही बाजूंना वळणारा. ट्रॉस नावाच्या साहेबाने त्याला सरावात गोलंदाजी करायला उत्तेजन दिले. कॅप्टन ग्रेग हा तिथला मातब्बर फलंदाज. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्याने कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. हिशेब करून पाहा : साहेब आठ वेळा बाद, की महिन्याचा पगार वसूल! रोजच्या या सरावाने बाळूचा हात तयार झाला. बॅट मात्र त्याच्या हाती कुणी दिली नाही. गोलंदाजी ही मजुरी होती, फलंदाजी साहेबांची हौस.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांशी झुंजण्यासाठी गोलंदाज हवा झाला. अस्पृश्याला घ्यावे की नाही, यावर सभासदांत मोठा वाद झाला. अखेर घेतले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. पण चहाच्या वेळी बाळू बाहेर उभा, हाती वापरून फेकून देण्याचे मातीचे भांडे. जेवायलाही त्याचे ताट वेगळे, जागा वेगळी. चेंडू विटाळत नव्हता, कप तेवढा विटाळत होता! वर्गात हे सांगितले की मुले आधी हसतात, मग गप्प होतात.

त्याने साताऱ्याच्या युरोपियनांचे सात गडी टिपले, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी त्याचा जाहीर गौरव केला. नंतर तो मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात बाळूचा आणि त्याचा भाऊ शिवराम याचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्याची निवड कधीच झाली नाही. तो मान १९२३ साली धाकट्या विठ्ठलाला मिळाला.

गुणाची कदर आपोआप होते, असे आपण सहज म्हणून जातो. वाचकहो, यंदा फराळाला सगळे एका पंगतीस बसलात, की त्या मातीच्या भांड्याची हकीकत मुलांना जरूर सांगा.