बालवीर चळवळ आणि हिंदी मुले

मराठीत ‘बालवीर’ या नावाने रूढ झालेल्या स्काउट चळवळीचा आरंभ १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांच्या ब्राउनसी बेटावरील शिबिराने झाला. १९०९ साली ती हिंदुस्थानात आली. परंतु हिंदी मुलांना तीत प्रवेश नव्हता. ही शिस्त व वनविद्या शिकून ती क्रांतिकारक होतील, अशी राज्यकर्त्यांना भीती होती. तेव्हा ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासेत, आणि पुढे मालवीय, कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेस, स्वतंत्र पथके उभारली. १९२१ मधील बेडन-पॉवेल यांच्या भेटीनंतर मद्रासची संघटना मूळ संस्थेत विलीन झाली. अलाहाबादची अलिप्तच राहिली. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही एकच संस्था स्थापन झाली. त्रिविध प्रतिज्ञेचे स्मरण देणारी तीन बोटांची वंदना कायम राहिली. प्रतिज्ञेतील राजाचे स्थान मात्र देशाने घेतले.