गावाची खतावणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमचे वडील नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढीत, मग जुनी खतावणी उघडून आम्हां मुलांना म्हणत, “पूजा नव्या वहीची, शहाणपण जुनीचे!”

अशी खतावणी अख्ख्या गावाचीही असू शकते, हे मला पुष्कळ वर्षांनी एका ग्रंथाने शिकवले. डॉ. हॅरल्ड मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे बोलण्याची तेव्हा रीतच होती. मानसाहेब तर्कावर विसंबले नाहीत. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात सहकाऱ्यांसह त्यांनी जमीन, पीक, मजुरी, कर्ज असा घरोघरचा हिशेब जमवला व १९१७ साली तो प्रसिद्ध केला.

काय निघाले त्यात? १७७१ साली खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ साली ती ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे, आणि त्यांतले ४६३ एकराहूनही लहान! १०३ कुटुंबांपैकी अवघी ८ निव्वळ शेतीवर नीट जगत. २८ बाहेरच्या मजुरीच्या आधाराने तगत. उरलेल्या ६७ घरांची तोंडमिळवणी मजुरी धरूनही होत नसे. पुढे श्री. कानिटकरांसह त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी केली; ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. तेथे शेकडा ८५ कुटुंबे तुटीत होती. पिंपळ्याला निदान खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याची मजुरी जवळ होती. जिल्हा एक, पण दुखणे निराळे. मग औषध एकच कसे चालावे?

१९४७ साली मुंबई सरकारने तुकडेबंदीचा कायदा केला. पण वाटणीच्या वेळी प्रत्येक भावाला विहिरीजवळची काळी जमीनही हवी असते. सारा माळ एकट्याने कोण पत्करणार? कागदावर बंदी आली, तरी बांधावर तोंडी वाटण्या होतच राहिल्या. आकडा दुखणे दाखवतो. ते का जडले, हे घरधन्यालाच विचारावे लागते.

महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात गावाने आपला आराखडा ग्रामसभेत ठरवावा, अशी अपेक्षा आहे. अशाच एका ग्रामसभेत मी बसलो होतो. यादी आधीच टंकून आणलेली: कमान, सभामंडप, फरसबंदी. मागून एक आजी उठल्या. “वढ्यावर साकव घाला की! पावसात पोरं साळंला जाईनात.” सभा गप्प झाली. मग कोणीतरी पेनाने यादीच्या तळाशी साकव लिहिला. आधी घरोघर विचारले असते, तर तो पहिल्या ओळीत असता!

पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड शहरात मिसळून गेले आहे. शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. पण त्याची खतावणी उरली. वाचकहो, दिवाळीत आपण घरोघर फराळाला जातोच. यंदा गावी गेलात, तर लाडू हातात घेता घेता एवढे विचारा, “तुम्हांला गावात काय हवे?” आणि ऐकाल ते लिहून ठेवा.