होम थिएटरचा आवाज सुधारायचाय? नवं सामान घेण्याआधी खोलीकडे बघा

तारनाका (हैदराबाद) : नांदेड, देगलूर, उदगीरकडून शिक्षण-नोकरीसाठी हैदराबादला आलेली अनेक मराठी कुटुंबं तारनाका, हब्सीगुडा भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. हौसेने होम थिएटर घेतलं जातं आणि आठवड्याभरात तक्रार सुरू होते. गाणी दणदणीत वाजतात, पण डायलॉग कळत नाहीत. आजी म्हणते, आवाज वाढव. वाढवला की मारामारीच्या सीनला खालचे शेजारी दार वाजवतात. मग रिमोट हातातून सुटतच नाही.

यावर उपाय म्हणून बरेच जण कोठीच्या गुजराती गल्लीत जाऊन मोठा अ‍ॅम्प्लिफायर शोधतात. खरा दोष मात्र बहुतेक वेळा खोलीत असतो. त्यातलं बरंचसं फुकटात, भिंतीला एकही खिळा न ठोकता सुधारतं.

आवाज का घुमतो?

खाली टाइल्स, चारी बाजूंना प्लास्टरच्या भिंती, वर स्लॅब. हे सगळे पृष्ठभाग आवाज शोषत नाहीत, परत फेकतात. 10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंचीची खोली पूर्ण रिकामी असेल तर हिशेबाने आवाज विरायला जवळपास 3 सेकंद लागतात. त्याच खोलीत सोफा, गादी, जाड पडदे, सतरंजी आली की हा वेळ अर्ध्या सेकंदापर्यंत उतरू शकतो.

हा हिशेब अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे वॉलेस सबाइन यांनी मांडला. 1895 मध्ये तिथल्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सबाइन यांनी रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या आणि किती गाद्यांनी किती फरक पडतो ते मोजलं. आजही ध्वनिशास्त्रात त्यांचंच सूत्र वापरतात.

शब्द ओळखू येतो तो मुख्यतः स, श, त, क यांसारख्या व्यंजनांमुळे. ही व्यंजनं बारीक, उंच पट्टीची असतात आणि घुमणाऱ्या आवाजात आधी तीच बुडतात. वय वाढलं की कानही हीच पट्टी आधी गमावतात. म्हणून आजीची तक्रार खरी असते. आवाज वाढवला तर घुमणंही तेवढंच वाढतं.

घरातलंच सामान कामाला लावा

स्पीकर आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये फरशीवर जाड सतरंजी टाका. खिडकीला जाड, चुण्यांचा पडदा लावा. एकाने सोफ्यावर बसावं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. आरशात स्पीकर दिसला की तिथूनच आवाज आदळून कानाकडे येतो. त्या जागी पुस्तकांचं कपाट ठेवा किंवा स्टँडवर घडी घातलेली गोधडी टांगा. पातळ चादरीने फक्त बारीक आवाज दबतो, जाड गोधडी त्याहून जास्त शोषते. भिंतीवर अंड्याचे ट्रे चिकटवणं मात्र व्यर्थ आहे.

स्पीकर कुठे, माणूस कुठे?

समोरचे दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर 6 फूट अंतरावर असतील तर बसायचंही साधारण 6 फुटांवर. डायलॉग मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. तो टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला असेल तर पुढच्या काठापर्यंत ओढा आणि तोंड कानाच्या दिशेने वळवा. 5.1 संचातले मागचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे ठेवावेत.

सोफा भिंतीला चिकटवला की बेस फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं की तो पोकळ वाटतो. 12 फूट लांबीच्या खोलीत मागच्या भिंतीपासून 4 ते साडेचार फूट पुढे बसून पाहा.

बेसचा घोळ

खोलीच्या मापाप्रमाणे काही ठरावीक स्वर फुगतात. 12 फूट लांबीला 47 हर्ट्झ, 10 फूट रुंदीला 56 हर्ट्झ. उंचीही 10 फूट असेल तर 56 हर्ट्झ दोनदा जोर धरतो आणि एकच ढुम् ढुम् ऐकू येतं. यावर सोपी युक्ती आहे. सबवूफर तात्पुरता सोफ्याच्या जागी ठेवा, बेसचं ओळखीचं गाणं लावा आणि खोलीत खाली वाकून फिरा. जिथे बेस नेटका ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा. क्रॉसओव्हर 80 हर्ट्झपासून सुरू करावा.

सेटिंग आणि वायर

टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआय एआरसीने जोडा. मेनूमध्ये स्पीकरची अंतरं टेपने मोजून भरा. सेंटरची पातळी 2-3 डेसिबलने वाढवा. रात्री 'नाइट मोड' लावला की स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. 50 वॅटचा अ‍ॅम्प 100 वॅटचा केला तर वाढ फक्त 3 डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. घरातल्या 10 मीटरपर्यंतच्या अंतराला दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर पुरते.

शेजाऱ्यांचा विचार

ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल आहे. बेस हवेतून जातो तसा फरशीतूनही खालच्या घरात उतरतो. सबवूफरखाली जाड रबर किंवा फोम ठेवा. त्याने फरशीतून जाणारी धडधड कमी होते.

क्रम लक्षात ठेवा

आधी बसायची जागा, मग स्पीकर, मग सतरंजी-पडदे, मग सेटिंग. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक वेळी तोच सीन पुन्हा लावा. परीक्षक म्हणून घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला बसवा. आवाज न वाढवता त्यांना प्रत्येक वाक्य कळलं, तर नवं काही घ्यायची गरज नाही. नाहीच कळलं तर आधी सेंटर स्पीकर बदला, अ‍ॅम्प सर्वात शेवटी.