इंग्लंडमधील रेपसीड पिकातील गवतवर्गीय तणांचे नियंत्रण : फवारणीच्या वेळेचा इतिहास (1973 ते 2021)

प्रस्तावना :

कृषी इतिहासाच्या अभ्यासात बियाणे, खते, यंत्रे व बाजारभाव यांची दखल घेतली जाते. परंतु शेतातील एखादे काम नेमके केव्हा करावे, या निर्णयालाही स्वतःचा इतिहास असतो. इंग्लंडमधील रेपसीड पिकावरील तणनाशकाची फवारणी हे याचे बोलके उदाहरण होय. रेपसीड हे मोहरीच्या कुळातील तेलबियांचे पीक आहे. त्याची पेरणी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत होते. पीक हिवाळाभर शेतात उभे राहते व पुढील जुलै-ऑगस्टमध्ये काढणीस येते. या पिकातील तण मारण्याची योग्य वेळ कोणती, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत बदलत गेले. हा बदल कोणत्या कारणांनी घडला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

रेपसीडचा प्रसार व ब्लॅकग्रासची समस्या :

1970 च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये रेपसीडची लागवड अल्प क्षेत्रापुरती मर्यादित होती. 1 जानेवारी 1973 रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले. समुदायाच्या कृषी धोरणातून तेलबियांना किमतीचा आधार मिळाला आणि हे क्षेत्र झपाट्याने वाढू लागले. 2012 मध्ये ते सुमारे साडेसात लाख हेक्टरपर्यंत पोहोचले.

याच काळात शरद ऋतूत पेरणी होणाऱ्या गव्हाचे प्रमाणही वाढले. त्याचा लाभ ब्लॅकग्रास या वार्षिक गवताला मिळाला. पूर्व व आग्नेय इंग्लंडच्या भारी चिकणमातीत हे तण विशेष फोफावते. त्याची सुमारे 80 टक्के उगवण शरद ऋतूतच होते आणि गव्हाची कापणी होण्यापूर्वी त्याचे बहुतेक बी जमिनीवर झडून जाते. 1993 मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये पिकांचे अवशेष जाळण्यावर बंदी आल्यानंतर हे झडलेले बी नष्ट करण्याचा एक जुना उपायही संपला.

गहू स्वतःच गवतवर्गीय असल्याने त्यात गवत मारणारे औषध वापरण्यास मर्यादा पडतात. रेपसीड रुंद पानांचे असल्यामुळे त्यात अशी औषधे पिकाला इजा न करता वापरता येतात. म्हणूनच रेपसीडचे वर्ष हे पुढील गव्हासाठी शेत स्वच्छ करण्याचे वर्ष ठरले. हे पीक घेण्यामागे तेलाइतकेच तणनियंत्रणाचेही कारण होते.

उबेची वेळ आणि थंडीची वेळ :

रेपसीडमधील तणनाशकांचे त्यांच्या वेळेनुसार तीन गट पडतात. ट्रायफ्ल्युरालिन पेरणीपूर्वी मातीत मिसळले जात असे. दुसरा गट पानांवाटे शोषल्या जाणाऱ्या औषधांचा. तण लहान असताना व त्याची वाढ जोमाने चालू असताना, म्हणजे शरद ऋतूतील उबदार दिवसांत, ती परिणाम करतात.

तिसऱ्या प्रकारातील प्रमुख औषध म्हणजे प्रोपिझामाइड. ते मुळांवाटे शोषले जाते आणि पेशीविभाजन रोखते. त्याची अपेक्षा मात्र उलटी आहे. उबदार मातीत त्याचे विघटन लवकर होते, तर थंड व ओलसर मातीत ते दीर्घकाळ टिकते. ते मातीच्या वरच्या काही सेंटीमीटरच्या थरातच राहत असल्याने वरच्या थरात मुळे असलेल्या कोवळ्या तणांवर त्याचा प्रभाव अधिक पडतो. हिवाळी रेपसीडमध्ये त्याच्या वापराची मुदत 1 ऑक्टोबर ते 31 जानेवारी अशी ठरलेली होती. परंतु केवळ तारीख पुरेशी नव्हती. 30 सेंटीमीटर खोलीवरील मातीचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली आलेले व उतरत असलेले असावे, असा सल्ला रूढ झाला. अशा रीतीने निर्णयाचा आधार दिनदर्शिकेकडून मातीतील तापमापकाकडे सरकला.

प्रतिकारशक्तीचा उदय :

1982 मध्ये एसेक्स परगण्यातील पेल्डन येथील ब्लॅकग्रास गव्हातील क्लोरोटोल्युरॉन या तणनाशकाला दाद देत नसल्याचे आढळले. स्टीफन मॉस यांनी या प्रतिकारशक्तीचा दीर्घकाळ अभ्यास केला. पुढे पानांवाटे काम करणाऱ्या अनेक औषधांविरुद्धही ब्लॅकग्रासने प्रतिकारशक्ती मिळवली. परिणामी रेपसीडमधील उबदार दिवसांची फवारणी बऱ्याच शेतांत निष्प्रभ ठरू लागली.

दुसरीकडे नियमांमुळेही पर्याय घटले. 2009 मध्ये ब्रिटनमध्ये रेपसीडमधील ट्रायफ्ल्युरालिन व गव्हातील आयसोप्रोट्युरॉन या दोहोंचा वापर संपुष्टात आला. परिणामकारक राहिलेल्या मोजक्या औषधांत प्रोपिझामाइडचे स्थान त्यामुळे अधिकच महत्त्वाचे झाले. पूर्वी एक वेळ हुकली तर दुसरी हाताशी होती. आता थंडीची वेळ हुकली की संपूर्ण हंगाम हुकण्याचा धोका निर्माण झाला.

पाण्याचा प्रश्न :

भारी जमिनीतील पाणी काढण्यासाठी इंग्लंडमधील अनेक शेतांत जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकलेल्या असतात. माती थंड व ओली होते त्याच सुमारास या नळ्या वाहू लागतात. त्यामुळे प्रोपिझामाइडला अनुकूल असलेली वेळ आणि ते ओढ्या-नद्यांत वाहून जाण्याची वेळ एकमेकींत मिसळतात. युरोपीय समुदायाच्या 1980 च्या निर्देशाने पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम ठरवली होती आणि तणनाशकांनाही ती लागू होती. ही मर्यादा अत्यंत कडक असल्याने शेतातून निसटलेला अल्प अंशही नदीतून पाणी उचलणाऱ्या पाणीपुरवठा संस्थांसाठी गंभीर ठरतो.

म्हणून फवारणीच्या सल्ल्यात नव्या अटी आल्या. नळ्या वाहत असताना किंवा जोरदार पावसाचा अंदाज असताना फवारणी करू नये, तसेच ओढ्याकाठी गवताचे पट्टे राखावेत, असे सांगितले जाऊ लागले. शरद ऋतू लांबला तर माती थंड होण्यास उशीर लागतो. तोपर्यंत जमीन इतकी भिजते की यंत्र शेतात नेणेही अवघड होते. थंड पण निथळती माती आणि ओलसर पण न वाहणारे शेत या दोन्ही अटी एकत्र जुळतील असे दिवस थोडेच उरतात.

अलीकडील घडामोडी :

2013 च्या अखेरीस युरोपीय संघाने रेपसीडच्या बियाण्यावरील निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांवर निर्बंध घातले. त्यानंतर भुंगेऱ्यांचा उपद्रव वाढला. 2021 पर्यंत ब्रिटनमधील रेपसीडचे क्षेत्र सुमारे तीन लाख हेक्टरपर्यंत घटले. पीकच गेल्यावर त्यातील फवारणीची संधीही गेली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार प्रतिकारशक्ती मिळवलेल्या ब्लॅकग्रासमुळे इंग्लंडला दरवर्षी सुमारे 40 कोटी पौंडांची व आठ लाख टन गव्हाची हानी सोसावी लागते.

निष्कर्ष :

1. फवारणीची योग्य वेळ ही केवळ तांत्रिक बाब नसून धोरण, तणाचा स्वभाव व कायदा यांच्या संयोगातून ती घडत गेली.

2. वेळेचे महत्त्व वाढण्यास औषधांच्या प्रगतीइतकीच पर्यायांची घटती संख्या कारणीभूत ठरली.

3. प्रथम दिनदर्शिका, नंतर मातीचे तापमान आणि अखेरीस निचऱ्याचे पाणी असा निर्णयाचा आधार विस्तारत गेला.

4. एकाच औषधावर व मोजक्या दिवसांवर विसंबलेली पद्धती हवामानापुढे दुर्बल ठरते. जमिनीतील ब्लॅकग्रासचे बी दरवर्षी सुमारे 70 ते 80 टक्क्यांनी घटते. त्यामुळे नवे बी पडू न देणारी पीकफेरपालट व वसंत ऋतूतील पेरणी यांचे महत्त्व पुन्हा मान्य झाले.

एकेकाळी फवारणीचा दिवस शेतकऱ्याच्या सोयीने ठरत असे. पुढे त्या दिवसावर नदीकाठच्या गावांचे पिण्याचे पाणीही अवलंबून असल्याचे स्पष्ट झाले. शेतातील खाजगी निर्णय सार्वजनिक जबाबदारीचा भाग कसा बनतो, हे या इतिहासातून दिसून येते.